गर्दीच्या दिवसांची मात्रा

रेश्मा नदाफने सकाळची पाचवी सिरिंज शिशाच्या आवरणात सरकवली, तसा तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर बारीक हिरवा ठिपका उमटला. नोंद झाली. कोणी वही उघडली नाही की सही केली नाही. मिरजेच्या त्या रुग्णालयातल्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात वर्षभर हेच चाललं होतं. कोणाच्या अंगावर किती किरणोत्सर्ग पडला, हे बिल्ले आणि भिंतीतले संवेदक परस्पर लिहून ठेवत. बिल्ला अंगावरून उतरवला की तो कोकलायचा, त्यामुळे लबाडीला जागा नव्हती. कंपनीने या यंत्रणेला भारदस्त संस्कृत नाव दिलं होतं, पण विभागात सगळे तिला तलाठी म्हणत.

हे बारसं सुनंदा मगदूमने केलं होतं. ती विभागातली सर्वांत जुनी तंत्रज्ञ आणि किरण-सुरक्षेची जबाबदार अधिकारी. नोकरी सव्वीस वर्षांची, निवृत्तीला सात महिने. तलाठ्याचा उतारा हातात आला की दोनदा वाचावा, असं तिचे वडील सांगत. यंत्राच्या बाबतीतही तिने तोच नियम ठेवला होता.

"ताई, एक सांगायचंय," रेश्मा औषधं भरायच्या खोलीतून बाहेर येत म्हणाली. "मला दिवस गेलेत. नववा आठवडा आहे."

सुनंदाला आनंद झाला, पण तिची नजर लगेच त्या खोलीच्या दाराकडे गेली. "अगं, मग त्या खोलीत काय करतीस अजून?"

"डॉक्टरांना विचारलं की. त्यांनी मात्रेचा उतारा मागितला, हा बघा. नऊ आठवड्यांचे मिळून अडतीस मायक्रोसीव्हर्ट. बाळासाठी मर्यादा हजाराची. असंच राहिलं तर रजेपर्यंत काम करा म्हणाले. मी उठून गेले तर तुम्ही एकट्या काय काय बघणार?"

सुनंदाने उतारा एकदा वाचला. मग दुसऱ्यांदा वाचला आणि गेल्या महिन्याच्या चौदा तारखेवर तिचं बोट थांबलं. नोंद होती चार मायक्रोसीव्हर्टची.

चौदा तारीख ती विसरणं शक्य नव्हतं. त्या सकाळी किरणोत्सर्गी औषधाची बाटली फुटली होती. अशा वेळी सांडलेल्यावर आवरण टाकून खोली बंद करायची आणि वाट बघायची, कारण त्या औषधाचा जोर दर दोन तासांनी निम्म्यावर येतो. पण बाहेर अकरा रुग्ण उपाशीपोटी बसले होते. रेश्माने उकिडवं बसून अर्धा तास फरशी पुसली होती. एवढ्या पुसापुशीला चार? गर्दीच्या दिवशी नुसत्या सिरिंजा भरतानाही याहून जास्त पडतं.

कोणीतरी आकडे घासूनपुसून ठेवतंय, याबद्दल सुनंदाला शंका उरली नाही. आकडे गोड दिसले की रुग्णालय खूश आणि रुग्णालय खूश तर कंपनी खूश. कंपनीचा अभियंता ओंकार केळुसकर देखभालीसाठी पुण्याहून नेमका आजच आला होता. तिने त्याला आपल्या खोलीत बसवलं आणि चहाही विचारला नाही.

"चौदा तारखेचा आकडा कोणी पुसला?"

"पुसला नाही मॅडम. बिल्ल्याचा कच्चा आकडा वेगळा ठेवलेला असतो," ओंकार म्हणाला. "यंत्रणा तो तपासते आणि अशक्य वाटला तर दुरुस्त करून नोंदवते. बिल्ल्यावर एखादा थेंब उडाला तरी खोटे मोठे आकडे येतात ना, म्हणून."

"आणि अशक्य काय ते कोण ठरवतं? तुमचा साहेब?"

"तुमचा विभाग. तुमच्या वीस वर्षांच्या वह्या वाचून ती शिकलीय." त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "रुग्ण वाढतात तशी मात्रा वाढते, हे बरोबरच आहे. पण दिवसाला चौदा रुग्णांच्या पुढे गेलं की आलेखाची रेघ खाली येते. सांडलवंड झालेल्या दिवशी तर जवळजवळ शून्य. मला वाटलं, गर्दीत तुम्ही लोक जास्त काळजी घेत असाल."

सुनंदा त्या रेघेकडे बघत राहिली. मग तिची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथे खिळ्याला कॅलेंडर लटकत होतं.

तो खिळा तिनेच ठोकला होता. पूर्वी गळ्यात अडकवायचे मापक असत आणि रोज संध्याकाळी त्यांचा आकडा वहीत लिहायचा असे. आकडा फार चढला तर चौकशी लागे, माणूस तीन महिने बाजूला बसे आणि त्याचं काम उरलेल्यांच्या गळ्यात पडे. म्हणून ज्या दिवशी गर्दी, त्या दिवशी मापक गळ्यातून काढून खिळ्यावर. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. संध्याकाळी सुनंदा तो कमी भरलेला आकडा नीट अक्षरात लिहायची आणि सही करायची. आता कोणाला बिल्ला उतरवता येत नव्हता, तर त्या वह्यांतून शिकलेलं यंत्रच तो सगळ्यांच्या वतीने खिळ्यावर टांगत होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

तिने दार उघडून हाक मारली. "रेश्मा, हातातलं ठेव आणि बाहेर ये. आत्ता."

मग ती ओंकारकडे वळली. "कच्चे आकडे उघड."

"त्यासाठी जबाबदार अधिकाऱ्याचा लेखी जबाब लागतो. जुन्या नोंदी खोट्या का मानायच्या, ते कारणासकट." खिळ्याची गोष्ट ऐकल्यावर त्याचा आवाज खाली आला होता. "मॅडम, नुसतं 'शंका आहे' असं लिहा. कंपनी तपास करेल. दोन महिने लागतील, पण तुमचं नाव येणार नाही."

सुनंदाने जबाब लिहिला. खिळा, मापक, सही, सगळं लिहिलं. सव्वीस वर्षांचं नाव दीड पानात गेलं. निवृत्तीच्या दिवशी हाराऐवजी चौकशीची नोटीस हातात पडेल, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

कच्चे आकडे पडद्यावर आले. चौदा तारखेला तीनशे दहा. नऊ आठवड्यांचे मिळून सहाशे नव्वद.

"मर्यादेच्या आत आहे," ओंकार घाईने म्हणाला.

रेश्मा दारात उभी होती. "आणि दोन महिने अजून केलं असतं तर?" तिने मनाशीच बेरीज केली; ती हजाराच्या पुढे जात होती. मग तिने विचारलं, "ताई, तुम्हाला माहीत होतं?"

"खिळ्याचं माहीत होतं," सुनंदा म्हणाली. "तो कुठवर पोचलाय, ते नव्हतं माहीत."

ओंकारने लॅपटॉप मिटला नव्हता. तो पडद्याकडेच बघत होता. "मॅडम, अजून एक आहे. तुमच्या वह्या सगळ्यांत नीटनेटक्या होत्या. एक खाडाखोड नाही. म्हणून यंत्रणेला पहिल्यांदा शिकवायला आम्ही त्याच घेतल्या."

"पहिल्यांदा म्हणजे?"

"तीच यंत्रणा आज एकेचाळीस रुग्णालयांत आहे."

सुनंदाने कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं. सोमवार होता. सोमवारी सगळीकडेच गर्दी असते. त्या एकेचाळीस ठिकाणच्या किती जणींनी आज सकाळी आपला उतारा पाहून सुटकेचा निःश्वास टाकला असेल, आणि परत आत गेल्या असतील?