सेहेचाळीस मिनिटांचं लग्न

"अजीजभाई, तुमच्या त्या नव्या पद्धतीनं आमचं वाटोळं केलं. असाल तसे या."

फोन प्रेमसिंगचा होता आणि आवाज रडवेला होता. अजीजने पुढ्यातला चहा तसाच ठेवला आणि सायकल काढली. टेलिफोन खात्यात वीस वर्षं खांबांवर चढून काढल्यामुळे तारांमधलं आपल्याला सगळं कळतं, असा त्याचा समज होता. आणि परवा, बुधवारी सकाळीच त्याने प्रेमसिंगच्या घरच्या तारा बदलल्या होत्या.

हिंगोलीत प्रेमसिंगचा फोटो स्टुडिओ खाली आणि घर वर. लग्नाच्या फिल्मा साठवायचा डबा, म्हणजे दोन हार्डडिस्कचं एक काळं खोकं, वरच्या खोलीत, कॉम्प्युटर खाली. दोघांना तारेनं जोडणारं मधलं जुनं यंत्र इतकं मंद होतं की तासाभराची फिल्म खाली यायला अर्धा दिवस जायचा. अजीजने ते काढून नव्या तारा ओढल्या, नवा स्विच बसवला आणि घड्याळ लावून फिल्म खाली आणायचे दोन्ही रस्ते तपासले. विंडोजच्या फोल्डरमधून तासाची फिल्म पस्तीस मिनिटांत आली, एफटीपीने, म्हणजे फायली थेट उतरवून घ्यायच्या प्रोग्रामने, बावीस मिनिटांत. "फोटो फोल्डरातून उघडा, फिल्मा एफटीपीनं आणा," असं बजावून तो छाती फुगवून घरी गेला होता. ती फुगलेली छाती आता धडधडत होती.

स्टुडिओत चौघं होते. प्रेमसिंग गल्ल्यापाशी. त्याचा पुतण्या रतनसिंग कॉम्प्युटरसमोर. फिल्मांची कापाकापी तोच करी. कॅमेरामन बंटी दाराला टेकून. आणि बाकावर रतनसिंगची धाकटी बहीण पेमा, डोळे सुजलेले.

"काय झालं बेटी?" अजीजने विचारलं.

"माझ्या मालकाला, थावराला, पोलिसांनी धरलं, चाचा. बुधवारी दुपारी." पेमा एकेक शब्द ओढून काढत होती. "रविवारी सांजच्याला साडेसातला कनेरगाव नाक्यावर त्यांच्या जीपनं एका म्हाताऱ्याला उडवलं. म्हातारा गेला. लोकायनं जीपचा नंबर पाहिला, माणूस न्हाई पाहिला. पण थावरा तवा गोरेगावात लग्नात नाचून राहिले होते. जीप मांडवामागं उभी होती, चावी जीपलाच."

"मग लग्नातली माणसं सांगतील की."

"वकील म्हणतात, सगळे सोयरेच हायत, त्यांचं कोण ऐकतं? फिल्म आणा. उद्या कोर्टात तारीख हाय."

"आन फिल्म गेली!" प्रेमसिंगने कपाळावर हात मारला. "एकच प्रत होती डब्यात. कॅमेऱ्याच्या टेपवर तर मंगळवारीच एक बारसं चढवलं आमी."

आपल्या हौसेपायी एक निरपराध माणूस तुरुंगात सडणार, हे त्याला सहन होईना. तो खुर्ची ओढून रतनसिंगजवळ बसला.

"कशी गेली?"

"तुमच्या एफटीपीनं." रतनसिंगने स्क्रीनवरून नजर काढली नाही. "काल पेमाचा निरोप आला म्हणून फिल्म खाली घेऊन राहिलो होतो. मधीच लाइट गेली. अर्धवट फिल्म हितं आली आन डब्यातली बी उडाली."

"लाइट कधी गेली?"

"चारला. रोजची लोडशेडिंग."

"सुरू कधी केलं होतं?"

रतनसिंग माउस इकडेतिकडे फिरवत राहिला. प्रेमसिंगच बोलला, "मी आन रतन एका साहेबांच्या निरोप समारंभाचे फोटो काढायला गेलो होतो. परत आलो तवा चारला दहा कमी होते. आल्या आल्या बसला तो."

"इन्व्हर्टर?"

"त्याची बॅटरी महिना झाला बसली."

"दाखव ती अर्धवट फिल्म."

लग्न सुरू झालं. हळद, अक्षता, आहेर. कोपऱ्यात कॅमेऱ्याचं घड्याळ. सगळं लख्ख उजेडात. नवरदेवाला खांद्यावर घेऊन पोरं मांडवाबाहेर निघाली, वाजंत्र्यांनी पहिला ठोका दिला आणि फिल्म संपली. घड्याळात सात वाजून वीस मिनिटं झाली होती. खाली लांबी दिसत होती, सेहेचाळीस मिनिटं.

"पुढं नाच होता?"

"व्हय," बंटी म्हणाला. "थावरा तर पार कॅमेऱ्यात घुसून नाचला. पण काळं काळं आलं ते. दिवा धरायला कोणी नव्हतं."

"दिवा कोणाकडं होता?"

"रतनकडं."

"मी जेवायला बसलो होतो," रतनसिंग पटकन म्हणाला. "दिसभर उपाशी होतो. पंगतीत बसलो, अर्धा-पाऊण तास लागला."

पेमाने भावाकडे पाहिलं, काही बोलणार असं वाटलं, पण तिने मान खाली घातली.

अजीज उठला आणि त्याने दोन येरझाऱ्या घातल्या. एक गोष्ट त्याला मघापासून टोचत होती. एफटीपीने फिल्म खाली आणली तर तिची नक्कल येते. लाइट जावो, तार तुटो, नक्कल मोडेल. वरची मूळ फिल्म का उडावी? ती कोणीतरी हाताने पुसली होती. पण हे त्याचं एकट्याचं म्हणणं झालं; आपली चूक लपवायला बोलतोय असंच ही माणसं म्हणणार. डोळ्यांना दिसेल असं काहीतरी हवं होतं.

"डब्यात दुसरी कोणती तासाची फिल्म हाय?"

"औंढ्याचं लग्न," बंटी म्हणाला.

"ती एफटीपीनं खाली घे. घड्याळ मी लावतो."

अजीज मनगटावरच्या घड्याळावर नजर ठेवून उभा राहिला. दहा मिनिटं पूर्ण झाली तशी अजीजने स्विचची वायर खसकन उपटली.

"आता बघ, किती आली."

बंटीने आकडा पाहून मनाशी हिशेब केला. "सत्तावीस मिनिटांची फिल्म."

"आन डब्यातली?" अजीजने वायर पुन्हा जोडली. बंटी वर जाऊन आला आणि मग त्याने कॉम्प्युटरवर पाहिलं. औंढ्याचं लग्न डब्यात जसंच्या तसं होतं.

"म्हणजे वरची फिल्म आपोआप उडत न्हाई," अजीज म्हणाला. "कोणीतरी पुसली. आता दुसरी गोष्ट. बावीस मिनिटांत तासाची फिल्म येते, दहा मिनिटांत सत्तावीसच मिनिटांची. काल तेवढाच वेळ होता, चारला दहा कमी ते चार. मग रतनसिंग, तुझ्याकडं सेहेचाळीस मिनिटं आली कशी? तेवढ्याला सतरा मिनिटं पाहिजेत."

रतनसिंगने खुर्ची मागे सरकवली.

"लाइटीनं फिल्म तोडली असती तर कुठंही तुटली असती. ही नेमकी थावरा नाचायला यायच्या आधी तुटली. काल लाइट परत आल्यावर तू पूर्ण फिल्म खाली घेतलीस, नाचाच्या तोंडावर कापलीस आन डब्यातली पुसलीस. नाव माझ्या एफटीपीचं पुढं केलंस. बराबर?"

"आन मी काहून करीन हे?" रतनसिंग ओरडला. "माझ्या बहिणीचा नवरा हाय तो!"

"तेच मला कळत न्हाई. एवढंच दिसतं, की साडेसातला थावरा उजेडात नव्हता कारण दिवा धरणारा जागेवर नव्हता. तू—"

"दादा." पेमा उभी राहिली होती. तिचा आवाज अगदी हळू होता. "त्या पंगतीत मी वाढून राहिले होते. पयल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. तू न्हवता."

रतनसिंग खुर्चीतच वाकला.

"नाक्यावर गेलो होतो," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "घोटभर घ्यायला. लग्नघरी कसं घेणार? चावी दिसली, जीप काढली. नाक्यावर पोचतोच तर म्हातारा एकदम आडवा आला. भिलो मी. जीप होती तितं आणून लावली. थावराला धरतील हे ध्यानातच आलं न्हाई, पेमे."

"धरल्यावर तर आलं ना?"

"दोन लेकरं हायत माझी."

"त्यांनाबी दोनच हायत."

प्रेमसिंग हुंदके देऊ लागला. ज्या पुतण्याला हाताला धरून धंदा शिकवला, त्याच्याकडे त्याला बघवेना. अजीजची छाती मोकळी झाली होती, पण त्यात आनंद नव्हता. आपण खरे ठरलो याची त्याला लाजच वाटली.

"पूर्ण फिल्म कुठाय, बेटा?" त्याने मऊ आवाजात विचारलं.

रतनसिंग उठला. अल्बमच्या चळतीमागून त्याने एक छोटी हार्डडिस्क काढली. "तेवढी पुसायला हात उठला न्हाई," म्हणाला आणि ती पेमाच्या हातात दिली.

बंटीने फिल्म लावली. अंधुक होती, पण मांडवाच्या ट्यूबलाइटमध्ये चेहरा ओळखू येत होता. सात वाजून एकतीस मिनिटं, आणि थावरा दोन्ही हात वर करून नाचत होता. पेमा तोंडावर पदर धरून बघत राहिली.

"काका, एवढ्या तुकड्याची सीडी काढा," ती म्हणाली.

बंटीने लगेच सीडी काढून दिली. प्रेमसिंगने ती पाकिटात घातली, पेमाला दिली आणि पुतण्याकडे न बघता म्हणाला, "चल ठाण्यात."

"थांबा." पेमाने पिशवी उघडली. नवऱ्याला कोठडीत द्यायला आणलेली भाकर-भाजी तिने बाहेर काढली. "दादाला आधी दोन घास खाऊ द्या. तितं गेल्यावर कधी मिळंल कोण जाणे. मग आपण सगळेच जाऊ."

तिने भाकरी मोडून भावापुढे ठेवली. रतनसिंगला घास गिळेना. पेमा त्याच्यासमोर फरशीवर बसली आणि त्याचं खाऊन होईपर्यंत उठली नाही.