लाल झालरीचा धागा

स्पेनमधल्या अंदालुसियातल्या त्या जत्रेच्या मांडवात आरासेली गर्रकन वळली आणि तिच्या लाल झग्याची झालर टरकन फाटली. मागच्या तरुणाच्या टाचेच्या काट्याची चक्री तिच्यात अडकली होती.

"नाचायला येताना घोडेस्वारीचे काटे कोण बांधून येतं हो?"

"तासाभराने स्पर्धेत घोडी फिरवायचीय ना." तो गुडघ्यावर बसून झालर सोडवू लागला. "मी लेआंद्रो. हलू नका... आणखी फाटेल."

"फाटायचं काय राहिलंय आता?"

त्याने वर पाहिलं आणि तो हसला. तिचा राग कुठल्या कुठे पळाला. मग काट्यांसकट एक नाच झाला, दुसरा झाला, तिसराही. ती झालर उचलून धरायची, तो पावलं जपून टाकायचा.

"जिंकलो तर इथल्या पागेत नोकरी," तो म्हणाला. "हरलो तर... उद्या सकाळची बस."

"मग जिंका की," ती म्हणाली आणि लाजून पळाली.

रिंगणात घोडी काय डौलात फिरली! लेआंद्रोने टाच नुसती टेकवावी आणि तिने वळावं. शेवटी परीक्षक पुढे आले, म्हणजे आरासेलीचे बाबा. काट्यांनी जखम झाली नाही ना, हे बघायला त्यांनी रिवाजाप्रमाणे घोडीच्या कुशीवरून पांढरा रुमाल फिरवला. रुमाल लाल झाला.

"रक्त," बाबा म्हणाले. "स्वार बाद."

"मी तिला कधीच टोचत नाही हो," लेआंद्रो हळूच म्हणाला. त्याचा चेहरा पार उतरला होता.

आरासेलीची नजर त्याच्या टाचेवर गेली. चक्रीत तिच्या झालरीचा धागा अडकला होता. स्पर्धेतल्या कुणाबरोबर नाचायचं नाही, असं बाबांनी सकाळीच बजावलं होतं. आता बोलावं तर गावभर शोभा, आणि गप्प बसावं तर सकाळची बस. ती कठड्याखालून वाकून थेट रिंगणात शिरली.

"बाबा, रक्त नाही ते. माझ्या झालरीचा रंग उतरलाय." तिने चक्रीच्या दातांतून घोडीच्या घामाने भिजलेला लाल धागा ओढून काढला.

बाबांनी धागा पाहिला, झालर पाहिली, मग लेकीकडे पाहिलं. "आणि तुझी झालर याच्या टाचेपर्यंत गेली कशी?"

"नाचताना."

"किती नाच?"

"तीन... मला आवडतो तो, बाबा."

सगळं गाव हसलं. बाबांनी पाणी मागवून घोडीची कूस धुतली. कातडीवर साधा ओरखडाही नव्हता. "पहिला नंबर," ते गुरगुरले.

लेआंद्रो खाली उतरला. टाचांचे काटे सोडून त्याने ते बाबांच्या हातात ठेवले. "जरा सांभाळता का, काका? चौथ्या नाचात झालर फाडायची नाही म्हणतो."

बाबा काही बोलायच्या आत आरासेलीने फाटकी झालर कमरेला खोचली आणि ती त्याच्याही आधी मांडवाकडे निघाली.