अर्ध्या चाकाची खुर्ची

१९३४ सालचा कापसाचा हंगाम होता. जळगावच्या एका जिनिंगमागे मोडक्या बैलगाड्यांचा ढीग पडायचा. त्यातलं एक चाक मी ओढलं, आणि पलीकडून ते कुणीतरी आपल्याकडे ओढलं.

"हाई चाक माले पाहिजे," मी म्हटलं.

"माले बी. तुमले कसाले?"

"बसाले."

तो चाकाआडून वर आला. उंच, सावळा, पापण्यांवर कापसाचे तंतू. "चाकवर बसाले?" त्यानं इतकं मनापासून विचारलं, की मला हसू आलं.

तो पितांबर. सोनगीरचा सुतार, हंगामापुरता मामाकडे राहून गाड्या दुरुस्त करणारा. त्याला चाकाची फक्त धाव, म्हणजे कडेवरची लोखंडी पट्टी, हवी होती. मला, पिंप्राळ्याच्या पुना सुताराच्या वच्छलाला, फक्त लाकूड. धाव काढून द्यायला म्हणून तो आमच्या अंगणात आला... मग काही काम नसतानाही येऊ लागला.

अर्ध्या चाकाची मी खुर्चीची पाठ केली. आरे पंख्यासारखे उभे राहिले. मोडक्या जूचे पाय, कापसाच्या गाठी बांधायच्या सुतळीची बैठक, आणि चाकाच्या उरलेल्या कडेचे हात.

"हाई लाकूड वाकडं शे," पितांबर म्हणाला.

"हात ठेवी देखा."

त्यानं ठेवला. माझा हात तिथंच होता — मी तो जरा उशिरानंच काढला.

खुर्ची धुळ्याच्या शेतकी प्रदर्शनात मांडायला माझे वडील, आबा, तयार झाले, पण स्वतःच्या नावानं. पोरगी लाकूड तासते हे कळलं, तर एरंडोलचं ठरत आलेलं माझं स्थळ मोडेल, ही त्यांना धास्ती.

धुळ्याला टेबलामागच्या कारकुनानं विचारलं, "कारागिराचं नाव?"

आबा बोलायच्या आत मी म्हणाले, "वच्छला पुना सुतार."

आबांनी मान खाली घातली. कारकून हसला. "भंगाराची खुर्ची, त्यात पोरीनं केलेली. बसल्याबरोबर मोडेल."

पितांबर आमच्याबरोबर आला होता. गर्दीत शिरून तो गुळाचे व्यापारी रुपचंदशेठ यांना घेऊन आला. त्यांच्याएवढा वजनदार माणूस अख्ख्या मंडपात नव्हता. शेठ बसले. मागं रेलले. डोळे मिटले. कारकुनानं दोनदा हाक मारली, तरी उठेचनात.

पहिला नंबर जाहीर झाला तेव्हा भोंग्यातून माझं नाव घुमलं. आबा माझ्याकडे बोट करून शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "मनी पोर शे."

एरंडोलचं स्थळ आठ दिवसांत मोडलं. नवव्या दिवशी पितांबर आला.

"वाईट वाटनं?"

"नही."

"सोनगीरले मनं आंगन मोठं शे..." तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "तुमी तठे काम करा. लोक हसतीन, तं हसू द्या."

"आनि भाकरी?"

"त्या माले येतस." मग हळूच — "मी आबाले इचारं. आबा म्हनतस, पोरले इचार."

"मंग इचारा ना."

त्यानं विचारलं. मी त्याला फार ताटकळत ठेवलं नाही.

वैशाखात लग्न झालं. सोनगीरच्या घरावर त्यानं स्वतःच्या हातानं पाटी रंगवली. तिच्यावर दोन नावं होती, आणि वरचं माझं.