सोळाच्या हिशेबात अकरा वर्षांची

क्लबच्या दारात आम्ही एकमेकांवर आदळलो. माझी गरमागरम बानित्सा, चीज भरलेली पेस्ट्री, थेट त्याच्या पांढऱ्या शर्टावर!

"अगं बाई! सॉरी हं..."

"शर्टाचं सोड. पण निम्मी आधीच दिली असतीस, तर पोटात तरी गेली असती," तो चीजचा चुरा झटकत हसला.

हा बोयान. प्लोवदिवच्या आमच्या कॉम्प्युटर क्लबात नवाच आलेला. सोफिया शहरातल्या स्पर्धेसाठी संघात एकच जागा उरली होती, संध्याकाळी चाचणी होती, आणि मला हेक्साडेसिमलमधलं, म्हणजे सोळाच्या हिशेबातलं, ओ की ठो कळत नव्हतं!

तो शेजारी येऊन बसला. "रालित्सा ना? वय किती तुझं?"

"सतरा. का?"

"म्हणजे सोळाच्या हिशेबात अकरा! एक सोळा, वर एक. लहान आहेस गं अजून."

"आणि तू?"

"अठरा."

मी बोटांवर मोजलं... "मग तू बाराचा! जास्त शहाणपणा नको."

तो खो खो हसला. "जमतंय की! नऊनंतर ए म्हणजे दहा, बी अकरा... असं करत एफ पंधरा. आता २बी?"

"दोन सोळे बत्तीस, वर अकरा... त्रेचाळीस!"

"बायनरीत? प्रत्येक अंकाला चार घरं — आठ, चार, दोन, एक. लागेल तिथे एक, नाहीतर शून्य."

"दोनचे ००१०... बी म्हणजे आठ, दोन, एक — १०११!"

खिडकीतून लिंडनच्या झाडांच्या मोहोराचा वास येत होता. त्याचं कोपर माझ्या कोपराला लागलं... दोघांनीही हलवलं नाही.

"चाचणीला तूही आहेस ना? मग मला का शिकवतोस?"

तो घाईघाईनं कीबोर्ड पुसायला लागला. कान मात्र लालबुंद!

संध्याकाळी शेवटी आम्ही दोघंच उरलो — बरोबरीत. चाचणी घेणाऱ्या दोब्रेवाबाईंनी विचारलं, "एफएफ?"

"पंधरा सोळे दोनशे चाळीस, वर पंधरा... दोनशे पंचावन्न!" मी ओरडलेच. "बायनरीत आठही एक!"

जागा मला मिळाली. पण जिन्यात मी त्याला गाठलंच.

"मुद्दाम गप्प बसलास ना? असली भीक नकोय मला!"

"नाही गं, शप्पथ! उत्तर द्यायचंच होतं... पण मी तुझ्याकडे बघत होतो. प्रश्न ऐकलाच नाही मी."

माझ्या छातीत धडधडायला लागलं.

"रालित्सा... आवडतेस तू मला. मी — मी आवडतो तुला?"

मी मान आडवी हलवली, आमच्याकडे होकाराला हलवतात तशी — एकदा, दोनदा, आणि मग थांबवताच येईना.