रिकाम्या खाटेवर सोपवलेली राखण

विश्वास ठेवा, असं मी म्हणणार नाही. जे तपासता आलं ते तपासलं आहे. जे आलं नाही, ते तसंच लिहितो.

गेल्या वर्षीची १४ मे. जळगाव. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. रुग्णालयाचं नाव देत नाही.

माझी बहीण मोहिनी फैजपूरला असते. तिची सहा वर्षांची हेमांगी रक्ताच्या कॅन्सरनं मुलांच्या वॉर्डात होती. शेजारच्या खाटेवर धुळ्याकडचा नऊ वर्षांचा प्रशील आणि त्याची आजी, कलाबाई.

"ए टकले," तो हेमांगीला म्हणायचा, "माझं टक्कल बघ, आरसा आहे आरसा!"

"माशी घसरून पडेल!" ती म्हणायची.

वॉर्डात बायकांची एक रीत होती. औषधाला, डब्याला खाली जायचं तर शेजारच्या खाटेला सांगायचं, "लक्ष ठेवा." ती बाई येऊन स्टुलावर बसायची. सलाईन संपलं की नळीचं चाक फिरवून बंद करायची, नाहीतर रक्त उलटं नळीत चढतं. परत आल्यावर म्हणायचं, "आले, उठा."

तोवर ती उठायची नाही.

सिस्टर दोन होत्या आणि खाटा बावीस. म्हणून ही रीत.

त्या दिवशी हेमांगीला प्लेटलेट्स हव्या होत्या. आमच्या ओळखीचा, ट्रकमध्ये केळी भरणाऱ्या टोळीतला लीलाधर रावेरहून द्यायला आला होता. मी त्याच्याबरोबर खाली रक्तपेढीत होतो. सहीसाठी मोहिनीला बोलावलं.

ती घाईत उठली. अठरा दिवसांच्या सवयीनं, मागं न बघता कलाबाईंच्या खाटेला म्हणाली, "लक्ष ठेवा हो, अक्का."

खाट रिकामी होती...

प्रशील पहाटेच आयसीयूत वारला होता. आठ वाजता कलाबाई त्याचा देह घेऊन गावाकडे निघाल्या. मुलांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

मोहिनीला हे आठवलं अर्ध्या तासानं, रांगेत. ती ओरडली नाही. तिनं फक्त माझं मनगट धरलं. आम्ही तीन मजले धावत चढलो.

बाटली कोरडी होती.

नळीत रक्त उलटं चढलेलं नव्हतं.

चाक... घट्ट बंद होतं.

स्टूल खाटेला टेकवलेलं.

मी दोन्ही सिस्टरना वेगवेगळं विचारलं. त्या खाटेकडे दोघीही गेल्या नव्हत्या.

"प्रशीलदादानं बंद केलं," हेमांगी म्हणाली. "तूच सांगितलंस ना त्याला?"

जूनमध्ये तिला घरी सोडलं. फैजपुरात एका दुपारी मोहिनीचा डोळा लागला.

पदर ओढला गेला...

पुन्हा एकदा...

जाग आली तेव्हा हेमांगी लांब, पलीकडच्या खाटेवर होती. झोपलेली. अंग फणफणलेलं. या उपचारात ताप आला की तासाभराचा उशीरही जिवावर बेततो. मोहिनी तिला घेऊन वेळेत रुग्णालयात पोचली. हेमांगी वाचली.

"दादा उठतच नाही," हेमांगी सांगायची. "तू 'आले, ऊठ' म्हणालीच नाहीस त्याला."

मी मोहिनीला म्हणालो, "म्हणून टाक एकदा."

"आणि मग हिच्याजवळ कोण बसेल, भाऊ? तू? डॉक्टर?"



पुढच्या रविवारी कलाबाईंनी हेमांगीच्या चौकशीला फोन केला. तो उचलला हेमांगीनंच. तिनं सगळं सांगून टाकलं.

संध्याकाळी कलाबाईंचा मला फोन आला.

"आम्ही बुद्धाचे लोक, भाऊ. भूतबित मानत नही. पोर शे, बोलस काहीबी."

"हो," मी म्हणालो.

त्यांनी फोन ठेवला नाही. 

"तरी मोहिनीले सांगा... त्याले उठाडू नका. पोर बरी होऊ द्या."

"सांगतो," मी म्हणालो. 

"फक्त एक इचारा त्या पोरीले..."

त्यांनी आवाज खाली आणला.

"तठे तो जेवस का?"

हेमांगीचे उपचार अजून दीड वर्ष चालायचे आहेत. कलाबाई दर रविवारी फोन करतात. मी दर वेळी सांगतो, तो तिथं जेवतो का, हे विचारायचं राहून गेलं.

राहून गेलेलं नाही. हेमांगी उत्तर देईल, याची भीती वाटते.