बोराएवढी सुरई

“आ करा. दुखणार नाही.”

डॉक्टरांनी मला बोलूच दिलं नाही. दवाखान्यात कुणी दिसलं नाही म्हणून मी त्या लांबलचक खुर्चीच्या कडेला टेकले, एवढाच माझा गुन्हा. तेवढ्यात हात पुसत ते आतून आले, दिवा माझ्या तोंडावर ओढला आणि...

“मला दात दाखवायचे नाहीत,” मी दिवा बाजूला सारला.

“सगळे असंच म्हणतात.”

“मला तुमची झिजलेली हत्यारं हवी आहेत.”

हे मात्र सगळे म्हणत नसावेत. ते स्टुलावर बसले, मास्क खाली ओढला. हनुवटीवर खळी होती — मधोमध नाही, उजवीकडे जराशी सरकलेली. नजरेनं माप घ्यायची सवय आहे मला. इलाज नाही.

मग मी सांगितलं. मी कातारीण. लेथवर लाकूड फिरवून भांडी घडवते, बोटाच्या पेराएवढी आणि आतून पोकळ. तोंड इतकं अरुंद, की आगपेटीची काडी जेमतेम आत जाईल. एवढ्याशा भोकातून आतलं लाकूड कोरायला बाजारात हत्यार मिळत नाही. दात तपासायचे वाकड्या टोकाचे आकडे धार लावून घेतले, तर काम होईल.

“आणि आत काय चाललंय ते दिसतं कसं?”

“दिसत नाही. ऐकू येतं. भिंत पातळ होत गेली की आवाज बारीक होत जातो. मग थांबायचं.”

“नाही थांबलं तर?”

“तर बूड सुटतं आणि हातात नुसती अंगठी उरते.”

“ही वाईट गोष्ट आहे?”

“दात काढू नका.”

“पोटासाठी तेच करतो हो,” ते म्हणाले. आता मलाही हसू आवरेना.

त्या दिवशी सात आकडे मिळाले. नंतर दर गुरुवारी एखाददुसरा मिळू लागला, आणि तो द्यायला डॉक्टर स्वतःच आमच्या कारखान्यात येऊ लागले. कारखाना म्हणजे घराची पुढची खोली. याच लेथवर आत्यानं तीस वर्षं खुर्च्यांचे पाय काढले आणि मला वाढवलं. डॉक्टर दाराशी उभे राहत. बाह्यांवर भुसा उडे, तो झटकत नसत.

“एवढी हत्यारं झिजतात कशी यांची?” एकदा आत्यानं मला विचारलं. “गावाचे दात कोरतात की दगड फोडतात?”

“आत्या!”

“मी काय म्हटलं? आजचा आकडा नवाकोरा आहे, एवढंच म्हटलं.”

तो खरंच नवाकोरा होता. दांड्यावरचा कागद काढायचाही राहून गेला होता...

त्याच आकड्यानं मी सुरई केली. संत्र्याच्या लाकडाची, पिकल्या बोराएवढी. उंची बावीस मिलिमीटर, तोंड दोन, भिंत एक. तीन आठवडे लागले. लेथवरून उतरवली तेव्हा आत्यानं ती तळहातावर घेतली, कानाशी नेली, नखानं टिचकी मारली. आणि काहीच बोलली नाही. आत्या गप्प बसते, त्याहून मोठी शाबासकी आमच्या घरात नाही.

सुरई मी कारागिरांच्या वार्षिक प्रदर्शनाला पाठवली. बारा दिवसांनी ती परत आली. सोबत पत्र होतं. “सदर वस्तू दोन भाग वेगवेगळे पोखरून चिकटवलेली दिसते. एकसंध असल्याचा पुरावा आठ दिवसांत द्यावा, अन्यथा प्रवेश रद्द समजावा.”

“मधोमध काप आणि दे त्यांच्या हातात,” आत्या कडाडली.

“कापली की पुरावा उरेल, आत्या. सुरई कुठे उरेल?”

दुसरी करायला तीन आठवडे हवेत. हातात आठ दिवस. पत्र आणि सुरई घेऊन मी तडक दवाखाना गाठला. का, ते तेव्हा मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. राग सांगायला एक माणूस हवं होतं, आणि पाय तिकडेच वळले.

डॉक्टरांनी पत्र दोनदा वाचलं. “उद्या दुपारपर्यंत राहू दे माझ्याकडे?”

“पत्र?”

“सुरई.”

मी ठेवली. आत्या सोडली तर आजवर कुणाच्या हाती मी काम सोडून गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुरई परत दिली आणि सोबत दाताच्या फोटोची इवलीशी काळी फिल्म.

“तुम्ही हिचा एक्स-रे काढलात?”

“तीन काढले. दोन नुसते काळे आले. लाकूड दातापेक्षा विरळ, किरण खूप कमी करावे लागले. हा तिसरा.”

“म्हणजे तुम्हालाही शंका होती.” माझा आवाज मलाच परका वाटला.

“शंका?” ते दुखावले. “आठ महिने दाराशी उभा राहून मी तो आवाज ऐकतोय. तुम्ही आत काय करता, ते एकदा बघायचं होतं... तुम्ही तरी पाहिलंय का कधी?”

नव्हतं पाहिलं.

मी फिल्म खिडकीशी धरली. सुरईच्या आतली सुरई दिसली. मान, खांदे, पोट, सगळीकडे एकसारखी फिकट कड. लाकडाचे तंतू गळ्यापासून बुडापर्यंत सलग उतरलेले. कुठेही आडवी रेघ नाही. इतकी वर्षं कानांनी जे केलं, ते डोळ्यांना पहिल्यांदाच दिसत होतं.

“रोज लोकांचं आतलं बघतो मी,” ते हळूच म्हणाले. “कुणी बघणार नाही तिथंही इतकं नीट ठेवलेलं... नाही पाहिलं कधी.”

“बुडाजवळ डाव्या बाजूला भिंत केसभर जाड राहिलीय,” मी म्हणाले. दुसरं काही बोलले असते तर रडले असते.

प्रदर्शन समितीच्या अध्यक्षांनी फिल्म उजेडात धरली. चष्मा काढला. पुसून पुन्हा घातला.

“जोड कुठे दिसतो?” मी विचारलं.

“दिसत नाही,” ते म्हणाले. मग घाईनं, “ही फिल्म सुरईशेजारीच मांडू. लोकांची खात्री पटेल.”

“नको. लोकांनी सुरई बघावी. शंका आली तर मला विचारावं. मी तिथंच उभी असेन.”

आणि मी उभी राहिले. प्रदर्शनाचे तिन्ही दिवस, ताठ मानेनं. आत्या शेजारी खुर्ची टाकून बसली होती. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, “भाची आहे माझी.” सुरईबद्दल कुणी विचारलं नाही, तरी सांगत होती.

शेवटच्या संध्याकाळी डॉक्टर आले. इस्त्रीचा शर्ट, हात मागे. सुरईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा सुरईकडे. आत्या उठली, “पाणी पिऊन येते,” म्हणाली आणि भरलेली बाटली खुर्चीवरच ठेवून गेली.

“दातखीळ बसली का, डॉक्टर?”

त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

“आ करा,” मी म्हणाले. “दुखणार नाही.”

“कातारीणबाई, मला... म्हणजे तुम्ही... मी गुरुवारी येतो ते...” एकेका शब्दागणिक त्यांचा आवाज बारीक होत गेला. तो आवाज मी ओळखते. जन्म त्यावर काढलाय.

“थांबा,” मी म्हणाले. “ऐकू आलं मला.”

“नाही थांबणार आज.” खळी उजवीकडे आणखी सरकली. “नाही थांबलं की अंगठी होते. तुम्हीच सांगितलंत.”

मी हात पुढे केला.

“माप घ्या,” मी म्हणाले. “आणि नीट घ्या. मला केसभर फरकही चालत नाही.”