दुपारची थाप

त्या इमारतीतल्या लोकांना किल्लीकाकांची आठवण यायची ती कुलूप अडलं की. एरवी जिन्यात गाठ पडली तर "काय काका, बरं आहे ना?" एवढंच, आणि उत्तर ऐकायला कोणी थांबत नसे. बायको गेल्यापासून काका तळमजल्यावर एकटेच राहत. सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात किल्ल्या घासायच्या, दुपारी घरी येऊन कालचं गरम करून खायचं, आणि घरात माणसाचा आवाज असावा म्हणून रेडिओ लावून ठेवायचा.

ज्या दुपारी इमारतीच्या जिन्यात एक बाई मारली गेली, त्या दुपारी काका शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणाचं तरी अडकलेलं कपाट उघडत होते. परत आले तेव्हा जिना धुऊन झाला होता.

बाई इथली नव्हती. कोण, कुठली, कुणालाच ठाऊक नव्हतं. सुरा घेतलेला एक माणूस मागे लागला होता म्हणून ती धावत या जिन्यात शिरली. तळापासून वरपर्यंत तिने प्रत्येक दार बडवलं. एकही उघडलं नाही. तिच्या मागून तो निवांत पायऱ्या चढत गेला आणि गच्चीच्या बंद दाराशी त्याने तिला गाठलं. तो काही सापडला नाही. पोलिसांना सगळ्यांनी एकच सांगितलं, आम्ही झोपलो होतो.

"आपण कशाला पडायचं दुसऱ्याच्या भानगडीत?" पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. "आणि खरं सांगू का, चांगल्या घरातल्या बाईच्या मागे कोणी सुरा घेऊन लागतं का हो?"

काकू वाईट नव्हत्या. काकांच्या बायकोच्या आजारपणात दोन्ही वेळचा डबा त्यांनीच पुरवला होता. म्हणून तर त्यांचं हे बोलणं काकांच्या घशात काट्यासारखं अडकून राहिलं.

पुढे काही दिवसांनी काकूंनीच त्यांना बोलावून घेतलं. "दुपारी कडी लावून पडते, आणि उठून बघते तर दार सताड उघडं. चोर शिरला तर?"

काकांनी कडी तपासली. ठणठणीत होती. लाकूड आक्रसलं असेल म्हणून त्यांनी बिजागऱ्या आवळल्या. दुसऱ्या दिवशी दार पुन्हा उघडं. मग समोरच्या निवृत्त मास्तरांची तीच तक्रार आली, मग वरच्या मजल्यांवरची. काकांनी घरोघरी नवे अडसर बसवले. दारं उघडीच सापडत राहिली.

शेवटी एका दुपारी ते काकूंच्या घरात स्टूल टाकून बसले. काकू पलंगावर कलंडल्या आणि घोरायला लागल्या. बाहेर रस्ता उन्हात सामसूम होता. काकांनाही पेंग येत होती.

थाप पडली.

तळहाताची थाप. घाईची, एकावर एक. काका उठणार तोच काकू उठल्या. डोळे मिटलेले होते. चाचपडत त्या दारापाशी आल्या, अडसर काढला, दार उघडलं.

"ये गं बाई, आत ये," त्या मायेने म्हणाल्या.

दारात कोणी नव्हतं. थाप केव्हाच पुढच्या मजल्यावर गेली होती. तिथलंही दार उघडल्याचा आवाज आला, तोवर ती आणखी वर. सगळी दारं उघडत होती, पण प्रत्येक दार उशिरा.

मग जिन्यात पावलं वाजली. जड, सावकाश. ती काकांच्या समोरून वर चढत गेली आणि जिना रिकामाच दिसत राहिला. काकू परत जाऊन झोपल्या होत्या. जाग आल्यावर त्यांना काही म्हणजे काही आठवेना.

काकांनी कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कोणाला? जिना चढताना पहिलं दार आपलंच लागतं, हा एकच विचार त्यांच्या डोक्यात घोळत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान लवकर बंद केलं. जेवण तसंच झाकून ठेवलं, रेडिओ बंद केला आणि कडीवर हात ठेवून दाराशी उभे राहिले.

पहिल्याच थापेला त्यांनी दार उघडलं.

कोणी दिसलं नाही. फक्त गरम हवेचा झोत अंगाला घासून आत गेला. त्याला उन्हातून धावत आलेल्या माणसाच्या घामाचा वास होता. काकांनी कडी लावली, अडसर टाकला.

वर थाप पडली नाही. एकाही मजल्यावर नाही.

थोड्या वेळाने ती जड पावलं आली. दारासमोर थांबली.

"आत कोणी आलंय का हो?" आवाज अगदी अदबीचा होता, पत्ता विचारावा तसा.

"नाही," काका म्हणाले. "मी एकटाच राहतो."

पावलं दारासमोरून हलली नाहीत.

मग वरचं एक दार उघडलं. मग दुसरं. मग सगळी. चपला फटफटत खाली यायला लागल्या.

"काका, उघडा ना," काकूंचा आवाज आला. कालच्यासारखाच मायाळू. "त्यांना फक्त बघायचंय."

"एका बाईपायी सगळ्या इमारतीला ताप कशाला?" मास्तर समजुतीच्या सुरात म्हणाले.

काकांनी दाराच्या भिंगातून पाहिलं. सगळे जमले होते. झोपेत चुरगळलेले कपडे, मिटलेले डोळे. आणि मधोमध एका माणसाला उभं राहता येईल एवढी जागा त्यांनी मोकळी सोडली होती.

दारावर भार आला.

अडसर करकरला. काकांनी दाराला पाठ लावली, टाचा फरशीत रोवल्या. पण ते एकटे होते आणि वयही झालं होतं. टाचा घसरायला लागल्या.

तेवढ्यात त्यांच्या खांद्याला लागून दुसरा खांदा दाराला टेकला. हाडकुळा, घामाने भिजलेला, थरथरणारा.

दार जागच्या जागी थांबलं.

काकांनी मान वळवून पाहिलं नाही. बायको गेल्यापासून त्यांच्या इतक्या जवळ कोणी उभं राहिलं नव्हतं.